आंबेडकरांची विषयनिवड : कोलंबिया, १९१३ ते १९१६

परीक्षा आटोपल्या आहेत, निकाल अजून लागावयाचे आहेत, आणि घरोघरी मुलाने पुढे कोणता विषय घ्यावा याची चर्चा चालू आहे. वसंतातल्या व्याख्यानांचा हंगाम आणि या चर्चेचा हंगाम नेहमी एकच असतो. वडिलांचे मत एक पडते, मामांचे दुसरे, शेजारच्या वकीलसाहेबांचे तिसरे. आणि ज्याला शिकावयाचे त्याला बहुधा सर्वांच्या शेवटी विचारतात. कोणत्या विषयाला नोकरी आहे, हा त्या चर्चेतला मुख्य मुद्दा. तो गैर आहे असे मी म्हणणार नाही. पोट कोणाला चुकले आहे? परंतु हाच प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्यापुढे कसा आला, त्याने तो कसा सोडवला आणि त्यातून काय निष्पन्न झाले, हे आज आपल्यापुढे मांडावे असे योजले आहे. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. स्थळ न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ. आणि काळ इ. स. १९१३ ते १९१६.

बाबासाहेबांची पुढारी म्हणून, घटनाकार म्हणून, धर्मांतराचे प्रवर्तक म्हणून असलेली रूपे आपल्या परिचयाची आहेत. वर्गात बसून टिपणे घेणारा बावीस वर्षांचा विद्यार्थी हे रूप तितकेसे परिचयाचे नाही. आणि या विद्यार्थ्याला विषयनिवडीची किंमत इतरांपेक्षा अधिक ठाऊक होती, कारण ती निवड एकदा त्याच्या हातून काढून घेण्यात आली होती. मुंबईला शाळेत असताना त्यांना संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकवणार नाही, असे तेथल्या शिक्षकांनी ठरवले; मोठ्या भावालाही तोच अनुभव आला होता. निरुपायाने भीमरावांनी फारशी घेतली, आणि पुढे एल्फिन्स्टन कॉलेजातही फारशीची सोबत सुटली नाही. संस्कृत भाषेची आपल्याला ओढ होती, हे त्यांनी नंतर बोलून दाखवले आहे. विषय कठीण म्हणून सोडणे वेगळे आणि जन्मामुळे तो दाराबाहेर राहणे वेगळे. ज्या भाषेत जातीचे सारे नियम लिहिले गेले तीच भाषा जातीने सर्वांत अधिक पोळलेल्या मुलाला शिकू द्यावयाची नाही, यातली संगती त्या शिक्षकांना दिसली असेल असे नाही. पण ती होती खरी.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी कॉलेजात असताना भीमरावांना दरमहा २५ रुपयांची मदत दिली होती. बी. ए. झाल्यावर १९१३ च्या आरंभी ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तोच २ फेब्रुवारी १९१३ रोजी वडील रामजी सुभेदार वारले. त्याच वर्षी महाराजांनी त्यांना अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. ती दरमहा ११.५ पौंडांची, तीन वर्षांची. जूनमध्ये करारावर सही झाली. नेमून दिलेल्या विषयांचा अभ्यास करावयाचा आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची, अशी त्यातली अट होती. संस्थानला कारभार जाणणारा माणूस हवा होता. कारभार म्हणजे मुख्यतः पैशाचा हिशेब. तेव्हा अर्थशास्त्र हा मुख्य विषय ठरल्यासारखाच होता. निवड करावयाची ती त्याच्या कडेकडेने.

ही कडेची जागा कोलंबियात किती मोठी होती, हे समजण्यासाठी आपल्याकडची त्या वेळची रीत आठवावी लागेल. १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडनच्या नमुन्यावर उभारले होते. विद्यापीठाने परीक्षा घ्यावयाची, कॉलेजांनी शिकवावयाचे आणि विद्यार्थ्याने नेमलेली पुस्तके नेमलेल्या वर्षी वाचावयाची. एकदा शाखा घेतली की पुढचा रस्ता रुळांवरचा. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे रूळ उखडले गेले. हार्वर्डचे अध्यक्ष एलियट यांनी १८६९ पासून विद्यार्थ्याला स्वतःचे विषय निवडू देण्याचा पुरस्कार केला, आणि पदव्युत्तर शिक्षणात जर्मनीहून आलेली सेमिनारची पद्धत रुजली. सेमिनार म्हणजे आठदहा विद्यार्थ्यांनी एका प्राध्यापकाभोवती बसावे, एकाने निबंध वाचावा आणि इतरांनी त्याचे धागे उसवावेत. कोलंबियात तर १८८० पासून राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास आणि समाजशास्त्र यांची एक सामायिक विद्याशाखाच होती. आपण ज्याला ‘पेपर’ म्हणतो त्याला तिकडे ‘कोर्स’ म्हणत. एकेका सत्रापुरता, एकेका प्राध्यापकाचा असा तो असे; आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने शेजारच्या वर्गात जाऊन बसण्यास कोणाची हरकत नसे.

भीमराव जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोचले. विद्यापीठाच्या दप्तरात त्यांनी घेतलेल्या कोर्सांची नोंद आहे, आणि ती वाचण्यासारखी आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानवशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि फ्रेंच व जर्मन भाषांच्या प्राथमिक वर्गाचा प्रत्येकी एक. बेरीज ६०. करारातल्या अटीची बूज राखून अर्धा वाटा अर्थशास्त्राला दिला आहे. उरलेल्या अर्ध्यात मात्र गृहस्थांची भूक दिसते. वसतिगृहात जेवणाची पहिली घंटा झाली की सगळ्या ताटांवर एकदमच नजर टाकणाऱ्या मुलासारखी ती आहे. पण नीट पाहिले तर ताटे उगाच उचललेली नाहीत. समाजशास्त्र आणि मानवशास्त्र मिळून १० होतात. साठांत दहा म्हणजे सहावा हिस्सा. बडोद्याच्या हिशेबखात्याला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. आज मी बोलणार आहे ते मुख्यतः या दहांबद्दल.

समाजशास्त्राचे तेथले प्रमुख प्राध्यापक फ्रँकलिन गिडिंग्ज. हे मूळचे वर्तमानपत्रातले गृहस्थ. १८९४ पासून कोलंबियात समाजशास्त्राच्या खुर्चीवर होते. माणसे एकत्र का येतात, या प्रश्नाला त्यांचे उत्तर असे की, समोरचा आपल्यासारखाच आहे ही जाणीव हा समाजाचा पाया. ही आपलेपणाची जाणीव कोठवर पसरते आणि कोठे थांबते, हे मोजता आले पाहिजे, असाही त्यांचा आग्रह होता. हे ऐकताना डबेवाल्याच्या, पाणवठ्याच्या, शाळेतल्या गोणपाटाच्या आठवणी ज्याच्या मनात असतील त्याला काय वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. कागदावर त्यांनी ते लिहिलेले नाही.

मानवशास्त्राच्या बाजूला त्या काळी कोलंबियात मोठी उलथापालथ चालू होती. फ्रान्झ बोआस यांचे आदिमानवाच्या मनाविषयीचे पुस्तक १९११ साली निघाले होते. वंशावरून माणसाची बुद्धी आणि संस्कृती ठरते, हे जगन्मान्य समजले जाणारे मत ते व त्यांचे शिष्य एकेक वीट काढून पाडीत होते. आपल्याकडे त्याच वेळी उलटा वारा वाहत होता. १९०१ च्या खानेसुमारीचे आयुक्त रिझले यांनी नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची उतरंड लावण्याचा उद्योग केला होता. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा त्यांचा एकूण सिद्धांत. १९०८ साली तो पुस्तकरूपाने प्रसिद्धही झाला. बोआस यांचे एक शिष्य अलेक्झांडर गोल्डनवायझर कोलंबियात शिकवीत असत. ते कीव्हला जन्मलेले, वयाने तरुण, टोटेमच्या प्रथांवर प्रबंध लिहिलेले. त्यांच्या सेमिनारमध्ये भीमरावांनी नाव घातले, आणि ९ मे १९१६ रोजी तेथे एक निबंध वाचला. विषय : हिंदुस्थानातील जाती, त्यांची घडण, उत्पत्ती आणि वाढ.

हा निबंध लहान आहे. एका बैठकीत वाचून होतो. त्याची मांडणी मात्र गणितासारखी आहे, आणि ती मराठी श्रोत्यांपुढे जितक्या वेळा यावी तितकी आलेली नाही. लेखकाचे म्हणणे असे. जात म्हणजे काय, याचे विद्वानांनी अनेक लक्षणांनी उत्तर दिले आहे. कोणी विटाळ सांगतो, कोणी रोटीबंदी, कोणी वंशपरंपरेचा धंदा. ही सारी फळे आहेत. खोड एकच, आणि ते म्हणजे जातीतच लग्न करण्याचा निर्बंध, शास्त्राच्या भाषेत अंतर्विवाह. पण गंमत अशी की आपल्या समाजाचा मूळ स्वभाव याच्या उलट आहे. सगोत्र लग्न नको, सपिंड लग्न नको, बाहेरची मुलगी करा, हा नियम आपल्याकडे फार जुना व फार कडक. जेथे बाहेर लग्न करणे हा मूळ नियम, तेथे जाती मुळात व्हावयासच नकोत. त्या झाल्या, याचा अर्थ बाहेर जाण्याच्या नियमावर आत राहण्याचा नियम कोणीतरी नंतर लादला. तो कसा टिकवला, हे कळले की जात कळली.

येथून त्यांचे गणित सुरू होते. दाखला मी माझा देतो. समजा, एका गटात लग्नाच्या वयाचे शंभर पुरुष आणि शंभर स्त्रिया आहेत आणि गटाने ठरवले की आजपासून बाहेर सोयरीक नाही. सर्वांची लग्ने झाली. कोणी उरले नाही. पण मृत्यू काही जोडीजोडीने येत नाही. नवरा मेला की एक स्त्री जादा होते. बायको मेली की एक पुरुष जादा होतो. ही जादा माणसे मोकळी राहिली तर एक तर ती कुंपणाबाहेर लग्न करणार, नाही तर कुंपणाच्या आत दुसऱ्या कोणाचा तरी जोडीदार कमी करणार. दोन्हींनी गट मोडतो. मग जादा स्त्रीचे काय करावे? तिला नवऱ्याच्या चितेवर चढवावे, किंवा जन्मभर विधवा ठेवावे. आणि जादा पुरुषाचे? त्याला जाळता येत नाही; नियम करणारेच पुरुष, शिवाय हाताला बळ हवे ते त्यांचेच. संन्यास घेतला तर बरे, पण सगळेच काही तो घेत नाहीत, आणि ब्रह्मचारी म्हणून गावात राहिलेला विधुर गटाला धोक्याचाच. तेव्हा त्याला बायको द्यावी. पण ती लग्नाच्या वयाच्या मुलींतून काढली तर पुन्हा हिशेब चुकतो. म्हणून अजून वयात न आलेल्या मुलींतून द्यावी. झाला बालविवाह.

सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन चालींवर आपल्या सुधारकांनी साऱ्या एकोणिसाव्या शतकात शाई आणि आयुष्ये खर्च केली. १८२९ चा सतीबंदीचा कायदा, १८५६ चा पुनर्विवाहाचा कायदा, १८९१ चा संमतिवयाचा कायदा आणि त्यावरून पुण्यात माजलेले रण, हे सर्व आपल्याला ठाऊक आहे. या तिन्ही दुष्ट रूढी आहेत, स्त्रियांवर अन्याय आहेत, असे सुधारक म्हणत, आणि ते खरेच होते. परंतु या तिन्ही एकाच यंत्राची तीन चाके आहेत आणि त्या यंत्राचे नाव जात, हे पंचवीस वर्षांच्या या विद्यार्थ्याने न्यूयॉर्कच्या एका वर्गात बसून मांडले. पातिव्रत्याचे गोडवे आणि वैधव्याचे तत्त्वज्ञान हे नंतर आले. आधी चाल पडली, मग तिला मखर मिळाले, असे त्यांचे मत आहे. स्त्रियांचा प्रश्न आणि जातीचा प्रश्न वेगळे ठेवून सोडवू पाहणाऱ्या आपल्या मंडळींना ही जोड आजही अडचणीची वाटते, असे माझे निरीक्षण आहे.

मग हे कुंपण प्रथम घातले कोणी? या तिन्ही चाली सर्वांत कडक ज्यांच्यात दिसतात त्यांनी, म्हणजे पुरोहितवर्गाने, असे निबंधाचे उत्तर आहे. पण लेखक येथेच थांबत नाही. ब्राह्मणांनी साऱ्या देशावर जात लादली, ही कल्पना त्यांनी साफ नाकारली आहे. मनू कितीही मोठा असला तरी एका माणसाने कायदा करून कोट्यवधींना असे बांधणे अशक्य. मनूने चालू रीत लिहून काढली, इतकेच. मग बाकीचे का बांधले गेले? येथे त्यांनी गाब्रिएल तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा अनुकरणाचा सिद्धांत लावला. अनुकरण वरून खाली वाहते, आणि अंतर जितके कमी तितके ते दाट. ब्राह्मणांच्या लगतच्या जातींनी तिन्ही चाली उचलल्या, जरा दूरच्यांनी दोन, आणखी दूरच्यांनी एखादी. शिवाय शेजाऱ्याने दार लावून घेतले की आपण न लावताही आपण बाहेरचे ठरतोच. म्हणून एकच जात अशी वस्तू नाही. जाती नेहमी अनेकच असावयाच्या. पुढे १९५२ साली एम. एन. श्रीनिवास यांनी कुर्गी लोकांवरील ग्रंथात संस्कृतीकरणाची कल्पना मांडली आणि ती समाजशास्त्रात रूढ झाली. तिची एक आधीची चाहूल या निबंधात लागते, हे म्हणण्यास हरकत नसावी.

वंशाच्या सिद्धांताचीही वासलात त्यांनी याच निबंधात लावली आहे. हिंदुस्थानचे लोक अनेक वंशांचे मिश्रण आहेत पण संस्कृतीने एक आहेत. जातीने या एकजिनसी समाजाचे तुकडे पाडले. युरोपीय पंडितांना जातीत रंगभेद दिसला, कारण रंगाचा चष्मा त्यांच्याच डोळ्यांवर होता. बोआस यांच्या शिष्याच्या वर्गात हे वाचले गेले, यात नवल नाही. पण ज्यांच्या जातीला रिझलेसारख्यांनी मोजपट्टीने तळाशी टाकले असते त्यांनी ते वाचले, याला वेगळे वजन आहे.

निबंधात ज्या पूर्वसूरींचा परामर्श घेतला आहे त्यांत सेनार, नेसफील्ड आणि रिझले यांच्या पंक्तीला एक मराठी नाव आहे : डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. ज्ञानकोशकार केतकर १९०६ साली अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्क राज्यातल्याच कॉर्नेल विद्यापीठात शिकले. मनुस्मृतीचा पुरावा तपासून त्यांनी लिहिलेला हिंदुस्थानातील जातींचा इतिहास १९०९ साली इथाका गावी छापला गेला. त्या वेळी त्यांचे वय पंचवीस, आणि निबंध वाचताना आंबेडकरांचेही पंचवीस. दोघांची तिकडे गाठ पडली नाही. केतकरांनी अमेरिका सोडल्यावर दोनएक वर्षांनी आंबेडकर तेथे उतरले. परंतु कागदावर जी गाठ पडली ती मोठी मनोज्ञ आहे. केतकरांनी जातीची दोन लक्षणे दिली होती : सभासदत्व जन्माने मिळते, आणि बाहेर लग्न करण्यास बंदी असते. आंबेडकर म्हणतात, ही दोन नाहीत, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न बंद केले की आत फक्त जन्मानेच येता येते. दुरुस्ती केली, पण आदराने. जातीचा विचार सुटी जात घेऊन नव्हे, तर साऱ्या व्यवस्थेच्या संदर्भात केतकरांनी केला, याचे श्रेय त्यांनी मोकळेपणाने दिले आहे. संस्कृत ज्याच्या घरचे तो चित्पावन पंडित आणि संस्कृत ज्याला नाकारले तो महार विद्यार्थी, यांचा जातीवरचा हा वाद परक्या देशात, इंग्रजीत आणि इतक्या सभ्यतेने झाला. त्याच काळात आपल्या गावांत एका विहिरीवर त्या दोघांना पाणी भरता आले नसते.

या निबंधात लेखकाने स्वतःविषयी एक शब्द लिहिलेला नाही. अस्पृश्यतेचा प्रश्नही त्यात स्वतंत्रपणे हाताळलेला नाही. कोणाला हे उणे वाटेल. मला यात विद्यार्थ्याचा करारीपणा दिसतो. ज्या विषयावर रागाने बोलण्याचा सर्वांत अधिक हक्क त्यांना होता, त्याच विषयावर त्यांनी रागाला वर्गाबाहेर बसवले.

पुढची हकीकत सर्वश्रुत आहे, तेव्हा थोडक्यात सांगतो. १९१५ साली एम. ए. झाले होतेच. १९१६ मध्ये ते लंडनला गेले. मे १९१७ मध्ये मुंबईहून निघणाऱ्या ‘इंडियन अँटिक्वेरी’ मासिकात निबंध छापून आला. शिष्यवृत्ती संपल्याने ते त्याच वर्षी परतले आणि कराराप्रमाणे बडोद्यास हजर झाले. तेथे शिपाई कागद दुरून फेकीत, आणि ज्या पारशी धर्मशाळेत ते नाव लपवून राहिले तेथून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. दहा वर्षांच्या नोकरीचा करार पंधरवडाभरही पाळता आला नाही. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, ते अर्थशास्त्राचे. पुढे लंडनची पदवी मिळाली तीही रुपयाच्या प्रश्नावर. समाजशास्त्राची एकही पदवी त्यांच्या नावावर नाही. १९३० साली कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या पत्रिकेत त्यांनी आपल्या थोर गुरूंची नावे सांगितली. त्यांत तत्त्वज्ञ ड्यूई आहेत, अर्थशास्त्रज्ञ सेलिग्मन आहेत, शॉटवेल आणि रॉबिन्सन हे इतिहासकार आहेत. गिडिंग्ज आणि गोल्डनवायझर यांची नावे तेथे नाहीत. गुरूंचे आणि विषयांचे हिशेब असे वेगवेगळे जुळतात.

ते सिडनहॅममध्ये शिकवीत असतानाच, १९१९ साली, मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग निघाला. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस त्याचे पहिले प्राध्यापक. त्यांच्या व्याख्यानांना एल्फिन्स्टनचा एक संस्कृतचा एम. ए. येऊन बसू लागला : मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये. गेडिसांच्या प्रोत्साहनाने ते १९२० मध्ये विलायतेस गेले. लंडनमध्ये मन रमले नाही म्हणून केंब्रिजला रिव्हर्स यांच्या हाताखाली मानवशास्त्र शिकले, आणि १९२४ पासून पुढे पस्तीस वर्षे त्यांनी मुंबईचा विभाग चालवला. १९३२ साली निघालेल्या त्यांच्या जातीवरील ग्रंथात रिझलेच्या नाकमोजणीची पुन्हा झडती घेतली आहे. तीही संयुक्त प्रांताबाहेर टिकत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. त्यांच्या विद्यार्थ्यांनी विषय निवडले ते बहुधा आपल्या अंगणातले. इरावती कर्वे यांनी १९२८ मध्ये चित्पावनांवर एम. ए.चा प्रबंध लिहिला, श्रीनिवास यांनी म्हैसूरकडील विवाह आणि कुटुंब यांवर. ज्यासाठी १९१३ मध्ये समुद्र ओलांडावा लागला ते शिकण्यासाठी आता मुंबईकराला ट्रामचे तिकीट पुरे होते.

आणि त्या १९१६ च्या निबंधाचे काय झाले? वीस वर्षांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आंबेडकरांना अध्यक्षपद दिले, भाषण वाचून पाहिले आणि परिषदच रद्द केली. न झालेले ते भाषण बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्वखर्चाने छापले. त्यात सहभोजने पुरेशी नाहीत, आंतरजातीय विवाहच जातीवरचा खरा इलाज आहे, आणि शास्त्रांच्या पावित्र्यावरची श्रद्धा उठल्याशिवाय तो इलाज लोक पत्करणार नाहीत, असे त्यांनी सांगितले. इलाजाचा पहिला भाग विद्यार्थिदशेतल्या निदानातून सरळ निघतो. ज्या निर्बंधाने जात बनली तोच सोडवला पाहिजे. दुसरा भाग वीस वर्षांच्या अनुभवाने शिकवलेला. पुस्तकाची तिसरी आवृत्ती १९४४ साली निघाली, तेव्हा प्रस्तावनेत त्यांनी नोंदवले आहे की कोलंबियातला तो निबंध या भाषणात मिसळून सर्व पुन्हा लिहावे असा बेत होता. पण वेळ मिळाला नाही, मिळण्याची आशाही दिसत नाही आणि लोकांची मागणी तर थांबत नाही, म्हणून जुनीच आवृत्ती पुन्हा छापली आहे. त्या वेळी ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते.